सहावी ते आठवीच्या मुलासाठी जीवशास्त्राचा शिक्षक कसा शोधावा: गोव्यातल्या पालकांसाठी टप्प्याटप्प्याने

पहिल्या चाचणीचा विज्ञानाचा पेपर घरी येतो, गुण बघून आईबाबांचा जीव खालीवर होतो आणि त्याच संध्याकाळी फोन सुरू होतात. "सायन्सला कुणी चांगले सर आहेत का हो? हिचं बायो कच्चं आहे." दोन दिवसांत कुणीतरी सापडतं, फी ठरते, मूल दप्तर घेऊन जायला लागतं. पुढच्या परीक्षेलाही गुण तेवढेच पडतात आणि मग दुसऱ्या सरांचा शोध सुरू होतो.

बहुतेक वेळा यात शिक्षकाचा दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. मूल कुठे अडतंय हे कुणी पाहिलेलं नसतं, वर्षभरात जीवशास्त्राचे धडे किती हे कुणी मोजलेलं नसतं, आणि शिकवण्याची पद्धत न बघताच वर्षाचं ठरवून टाकलेलं असतं. म्हणून शिक्षक शोधणं या लेखात चौथ्या टप्प्यावर आहे. आधीचे तीन टप्पे एका रविवारी आणि पुढच्या दोन संध्याकाळी उरकतात. ते टाळून थेट चौथ्यावर जाऊ नका.

## टप्पा १: मूल नेमकं कुठे अडतं ते घरीच शोधा

मुलाचं पुस्तक, वही, शेवटचा तपासलेला पेपर, दोन कोरे कागद आणि पेन्सिल एवढं घेऊन बसा. परीक्षा घेतोय असा आव नको. "मला बघायचंय तुझं पुस्तक कसं आहे" एवढं पुरे.

वाचन. शिकवून झालेल्या धड्यातला एक परिच्छेद मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. मग पुस्तक मिटून मराठीत किंवा कोकणीत, जे घरात बोलता त्यात, काय वाचलं ते सांगायला सांगा. काहीच सांगता आलं नाही तर तोच परिच्छेद तुम्ही वाचा आणि अर्थ घरच्या भाषेत सांगा. लगेच चेहरा उजळला, "हां, म्हणजे असं" म्हणालं, तर विषय कळतोय, अडचण इंग्रजीची आहे. गोव्यात हे फार मोठ्या प्रमाणावर होतं. चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकलेलं मूल पाचवीत इंग्रजी माध्यमात येतं आणि सहावीच्या विज्ञानात एकेका ओळीत तीन-तीन अनोळखी शब्द भेटतात. या मुलाला जीवशास्त्र कच्चं म्हणणं अन्यायाचं आहे.

आकृती. कोऱ्या कागदावर शिकलेली एक आकृती न बघता काढायला सांगा, पचनसंस्था किंवा पेशी किंवा जे झालं असेल ते. आकृती बरोबर, पण नावांचं स्पेलिंग चुकलेलं, ही साधी सरावाची बाब आहे. नावं सगळी बरोबर, पण यकृत भलत्याच बाजूला किंवा लहान आतडं मोठ्या आतड्यानंतर जोडलेलं, तर आकृती डोळ्यांनी पाठ केली आहे, समजलेली नाही. याकडे लक्ष द्यायला हवं.

का विचारा. पुस्तकात जसेच्या तसे नसलेले दोन-तीन प्रश्न विचारा. भात बराच वेळ चावला की गोड का लागतो? अंधारात ठेवलेल्या कुंडीतलं रोप पिवळं का पडतं? धावल्यावर श्वास का वाढतो? उत्तर पूर्ण नसलं तरी चालेल. मूल विचार करतं की आठवणीतली एखादी ओळ शोधत बसतं, ते बघा. (उत्तरं तुमच्याजवळ असावीत: लाळेतलं विकर (एन्झाइम) भातातल्या स्टार्चची साखर करतं, हरितद्रव्य तयार व्हायला उजेड लागतो, स्नायूंना जास्त ऊर्जा हवी म्हणून जास्त ऑक्सिजन लागतो.)

पेपर. गुण कुठे गेले ते प्रश्नागणिक बघा. तीन गुणांच्या प्रश्नाला एक ओळ लिहिलीय? फरक विचारलाय आणि दोन वेगळ्या व्याख्या लिहिल्यात? आकृतीचे गुण गेलेत? की ते प्रश्न भौतिकशास्त्राचेच होते? शेवटची शक्यता हसण्यावारी नेऊ नका. "बायो कच्चं" म्हणून आलेल्या पेपरात विद्युत परिपथाचे गुण गेलेले असतात.

चारही कामांनंतर एका वाक्यात लिहून ठेवा: "वाचून अर्थ लागत नाही", "समजतं पण लिहिता येत नाही", "पाठ करते, कळत नाही", "आकृती येत नाही". हे वाक्य पुढच्या प्रत्येक टप्प्यावर लागणार आहे.

> तपासा: वर्गात शेवटच्या बाकावरून फळा दिसतो का? आकृत्या फळ्यावरून उतरवायच्या असतात. चष्म्याची गरज असेल तर शिकवणी लावून काही होणार नाही.

> तपासा: अडचण फक्त भाषेची निघाली तर महिनाभर शिक्षक शोधू नका. रोज अर्धा तास आईने, बाबांनी किंवा मोठ्या भावंडाने धड्यातले वीसेक शब्द आणि दोन परिच्छेद घरच्या भाषेत उलगडून दिले तरी पुष्कळ मुलं सावरतात. महिन्यानंतरही अडलं तर पुढे जा.

## टप्पा २: पुस्तक उघडा आणि जीवशास्त्राचे धडे मोजा

सहावी ते आठवीत गोवा बोर्डाच्या किंवा सीबीएसईच्या शाळेत जीवशास्त्र हा वेगळा विषय नाही. विज्ञानाचं एकच पुस्तक असतं आणि त्यात जीवशास्त्राचे धडे मधेमधे विखुरलेले असतात. आयसीएसईच्या शाळेत मात्र भौतिक, रसायन, जीव अशी वेगळी पुस्तकं असतात. पहिला प्रश्न म्हणून हेच बघा.

एनसीईआरटीच्या नव्या विज्ञान पुस्तकांत सहावीला सजीवांची विविधता, आहार आणि सजीवांची लक्षणं हे धडे आहेत. सातवीला किशोरावस्था, प्राण्यांतल्या जीवनप्रक्रिया आणि वनस्पतींतल्या जीवनप्रक्रिया. आठवीला सूक्ष्मजीव, आरोग्य आणि निसर्गातला समतोल. म्हणजे बारा-तेरा धड्यांपैकी जीवशास्त्राचे साधारण तीन. मुलाचं पुस्तक हेच आहे का ते मुखपृष्ठ बघून ठरवा. घरात आधीच्या मुलाचं जुनं पुस्तक पडलेलं असतं, त्यावरून शिकवणी लावू नका. ही पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

तीन धड्यांसाठी बारा महिन्यांची शिकवणी लागत नाही. माझं ठाम मत आहे की या वयात जीवशास्त्राचा शिक्षक धड्यागणिक लावावा: शाळेत तो धडा सुरू होण्याच्या आठवडाभर आधीपासून चाचणीपर्यंत, साधारण सहा-आठ तास. मधल्या काळात मूल मोकळं राहतं, पैसे वाचतात आणि शिक्षकालाही नेमकं काम मिळतं. संपूर्ण विज्ञानच कच्चं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा विज्ञानाचा शिक्षक शोधा, पण जीवशास्त्र त्याला मनापासून शिकवता येतं का हे सहाव्या टप्प्यात कसून बघा. गणित-भौतिकचे कित्येक चांगले शिक्षक जीवशास्त्राचा धडा "हा वाचून ये, सोपा आहे" म्हणून पुढे ढकलतात.

शाळेच्या विज्ञान शिक्षिकेला भेटून कुठला धडा कधी होणार याचा आराखडा घ्या. पुष्कळ पालकांच्या डोक्यात अजून जूनपासूनचं वर्ष असतं. २०२५ मध्ये गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले. मे महिन्याच्या सुट्टीनंतर शोधायला निघालात तर पहिला जीवशास्त्राचा धडा होऊनही गेलेला असू शकतो.

## टप्पा ३: कसा शिक्षक हवा ते कागदावर लिहा

अर्ध्या पानात बसेल एवढंच लिहा.

पदवी. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान यात बीएस्सी असलेली, किंवा शेवटच्या वर्षाला असलेली व्यक्ती या इयत्तांना पुरेशी आहे. बीएड असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही. एमएस्सी, पीएचडी म्हणून भारावून जाऊ नका. बारा वर्षांच्या मुलाला पेशी समजावणं हे वेगळं कसब आहे.

भाषा. माझ्या यादीत हे पदवीच्या वर आहे. शिक्षकाने समजावून सांगावं मराठीत किंवा कोकणीत आणि लिहून घ्यावं इंग्रजीत. दोन्ही हवं. सगळं इंग्रजीतच सांगणारा शिक्षक मुलाला शाळेचाच तास पुन्हा ऐकवतो. सगळं घरच्या भाषेत सांगून सोडून देणारा परीक्षेच्या दिवशी मुलाला उघड्यावर टाकतो.

एकटं की गटात. पहिल्या टप्प्यातलं तुमचं वाक्य काढा. "पाठ करते, कळत नाही" किंवा "वाचून अर्थ लागत नाही" असेल तर एकटं, फार तर दोघं-तिघं. "समजतं पण लिहिता येत नाही" असेल तर चार-पाचांचा गट चालतो, कारण एकमेकांची उत्तरं तपासता येतात. त्याहून मोठ्या गटात या वयाचं मूल हरवतं.

वेळ. आपल्याकडे बऱ्याच शाळा दीडच्या सुमारास सुटतात, आणि अडीचची शिकवणी शिक्षकाला सोयीची असते. जेवून आलेलं मूल त्या वेळी झोपाळतं. चार ते साडेपाच ही वेळ धरा. एका बैठकीला एक तास, आठवड्यातून दोनदा.

अंतर. सावई वेऱ्याहून फोंड्याला किंवा केरीहून साखळीला तासाच्या शिकवणीसाठी जाऊन-येऊन दीड तास जाणार असेल, तर तो शिक्षक कितीही चांगला असो, पावसाळ्यात ती शिकवणी टिकत नाही. परतीची बस किती वाजता आहे ते आधी बघा. ऑनलाइन हा पर्याय आठवीच्या शिस्तीच्या मुलाला जमतो, सहावीच्या मुलाला क्वचितच, कारण या विषयात हातात वस्तू घेऊन बघण्याला आणि शिक्षकाने वहीत डोकावण्याला पर्याय नाही. शिवाय पावसात वीज आणि नेट गेलं की तास बुडतो.

> सावधान: सहावी-सातवीच्या मुलाला "नीट फाउंडेशन" नावाच्या वर्गात घालू नका. नीट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, तिचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. ज्याला अजून मूळ आणि खोड यांचं काम नीट सांगता येत नाही त्याच्या हातात बहुपर्यायी प्रश्नांचे गठ्ठे दिले तर पाठांतराची सवय आणखी घट्ट होते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या कोचिंग सेंटरांनी सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं म्हटलं आहे.

## टप्पा ४: आता शोधा, पण या क्रमाने

आधी शाळेच्या विज्ञान शिक्षिकेला विचारा, पण शिकवणीसाठी नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. तरी दर वर्षी पालक वर्गशिक्षिकेलाच गळ घालतात, "टीचर, तुम्हीच घ्या ना हिची शिकवणी." त्यांना अडचणीत टाकू नका. त्यांच्याकडून दोन गोष्टी घ्या: मूल वर्गात कुठे गप्प होतं, आणि त्यांच्या ओळखीचं निवृत्त कुणी आहे का. निवृत्त शिक्षक शिकवणी घेऊ शकतात. पाठ्यपुस्तक बदललेलं त्यांना ठाऊक आहे एवढीच खात्री करा.

मग वरच्या वर्गातल्या मुलांचे पालक. "सर चांगले आहेत का?" असं विचारलंत तर "हो, चांगले आहेत" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: सर आकृती कशी शिकवायचे? तास किती वेळा बुडायचा? मुलीने सोडलं का, आणि का? तिसऱ्या प्रश्नाला खरी माहिती मिळते.

मग कॉलेज. याकडे पालकांचं लक्ष जात नाही आणि माझ्या मते इथेच सर्वांत चांगली माणसं सापडतात. मिरामारचं धेंपे, मडगावचं चौगुले, म्हापशाचं सेंट झेवियर्स, खांडोळ्याचं सरकारी कॉलेज अशा जवळच्या विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र विभागात जाऊन प्राध्यापकांना भेटा, किंवा विचारून सूचना फलकावर चिठ्ठी लावा. शेवटच्या वर्षाची एखादी विद्यार्थिनी, जी स्वतः याच गावच्या मराठी शाळेतून शिकून इंग्रजीत आली आहे, तुमच्या मुलाची अडचण चटकन ओळखते. तिच्या परीक्षांच्या तारखा मात्र आधीच विचारून घ्या. पणजीचं निर्मला इन्स्टिट्यूट आणि फोंड्याचं दादा वैद्य शिक्षण महाविद्यालय इथे बीएड करणारेही भेटतात. शाळेत सराव पाठ सुरू असतात तेव्हा त्यांना वेळ नसतो.

वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती, गावाचे व्हॉट्सॲप ग्रुप, शिकवणीची ॲप हे सगळ्यात शेवटी. तिथे माणसं मिळतात, पण त्यांना ओळखणारं कुणी मिळत नाही.

तीन नावं जमली की थांबा. दहा नावांतून कुणालाच नीट पारखता येत नाही.

## टप्पा ५: निरोप आणि फोन

निरोप मोघम असला की उत्तरही मोघम येतं. असा पाठवा:

*"नमस्कार टीचर. माझी मुलगी सातवीत आहे. गोवा बोर्ड, इंग्रजी माध्यम. चौथीपर्यंत मराठीतून शिकली. विज्ञानात जीवशास्त्राचे धडे पाठ करते पण समजत नाहीत, आकृत्या चुकतात. वनस्पतींतल्या जीवनप्रक्रियांचा धडा पुढच्या महिन्यात सुरू होणार आहे. त्या एका धड्यासाठी आठवड्यातून दोन दिवस, चार वाजता, सहा ते आठ तास हवेत. घर म्हापशात आहे. आधी एक तास घेऊन बघता येईल का? त्या तासाची फी देऊ."*

"सगळं घेतो मी, पहिली ते बारावी, पाठवून द्या" असं उत्तर आलं तर पुढचं नाव बघा. मुलीबद्दल उलट प्रश्न विचारणारी व्यक्ती यादीत वर घ्या.

फोनवर एवढंच विचारा: सध्या कुठल्या इयत्तेची मुलं आहेत? नवं पुस्तक हाताळलं आहे का? हा धडा कशापासून सुरू कराल? शेवटच्या प्रश्नाला "आधी नोट्स देतो" असं उत्तर आणि "आधी तिला काय माहीत आहे ते विचारीन" असं उत्तर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

## टप्पा ६: एक चाचणी तास घ्या, आणि नीट बघा

पालक बाकी सगळं करतात आणि हाच तास सोडतात. पैसे देऊन घ्या, फुकट मागू नका. फुकटच्या तासाला कुणी तयारी करून येत नाही.

तास घरी असो की शिक्षकाकडे, तुम्ही ऐकू येईल इतक्या अंतरावर बसा. मधे बोलू नका, मुलाच्या वतीने उत्तर देऊ नका. विषय तुम्ही द्या, दोन दिवस आधी कळवून. सहावीला पानं आणि मुळं, सातवीला वनस्पती अन्न कसं तयार करतात किंवा पचन, आठवीला सूक्ष्मजीव.

पहिली दहा मिनिटं. बोलतंय कोण? मुलाला बोलतं केलं जातंय का?

वस्तू. जीवशास्त्र शिकवायला लागणारं सामान अंगणात आणि स्वयंपाकघरात असतं. पावसाळ्यात परसात उगवणारा टाकळा आणि शेजारचं गवत मुळासकट उपटून समोर ठेवलं की सोटमूळ आणि तंतुमूळ, जाळीदार शिरा आणि समांतर शिरा हे सगळं एकदम दिसतं, आणि दोन्ही जोड्या एकत्र का येतात हा प्रश्न मूल आपणहून विचारतं. बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो, स्टार्च दिसतो. सान्नांचं पीठ का फुगतं, दूध रात्रीत दही कसं होतं, यातून आठवीचा अर्धा धडा उभा राहतो. पहिल्याच तासाला शिक्षकाने असलं काही आणलं नाही तरी हरकत नाही, पण निदान बोलताना मुलाच्या पाहण्यातलं उदाहरण यायला हवं.

आकृती. शिक्षक आकृती स्वतः टप्प्याटप्प्याने काढून दाखवतो का, की पुस्तकातली उतरवायला सांगतो? पेन्सिल टोकदार, रेघ एकसंध, नावांच्या रेषा पट्टीने आणि एकमेकींना न छेदणाऱ्या, रेषेचं टोक नेमक्या भागाला टेकलेलं. हे नियम सहावीत लागले तर दहावीपर्यंत पुरतात.

ज्ञान. एक-दोन प्रश्न तुम्ही मुलाकडून विचारवा. "झाडं फक्त रात्री श्वास घेतात का?" बरोबर उत्तर: श्वसन दिवसरात्र चालू असतं, दिवसा प्रकाशसंश्लेषणही चालतं म्हणून एकूण ऑक्सिजन बाहेर पडतो. "हातावरच्या शिरा निळ्या दिसतात, मग त्यातलं रक्त निळं असतं का?" नाही, गडद लाल असतं. शिक्षक अडखळला आणि म्हणाला, "बघून पुढच्या तासाला सांगतो," तर त्याला गुण द्या. ठणकावून चुकीचं सांगणारा नको.

भाषा. शेवटी दोन-चार ओळी इंग्रजीत, मुलाच्या शब्दांत लिहून घेतल्या का?

> तपासा: लगेच "आवडले का सर?" विचारू नका. दोन दिवसांनी मुलाला म्हणा, "त्या दिवशी काय शिकलास, आजीला सांग." सांगता आलं, आकृती काढता आली, तर तास चांगला झाला. "सर मस्त होते" पण काही आठवत नाही, तर झाला नाही.

सातवीच्या पालकांनी आणखी एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी. किशोरावस्थेच्या धड्यात पाळी आणि शरीरातले बदल येतात. संकोचाने हा धडा "घरी वाचून काढ" म्हणून सोडणारे शिक्षक आहेत, आणि पालकही सुटल्यासारखं वाटून गप्प बसतात. मूल मात्र उत्तरं दुसरीकडून गोळा करतं. विचारा: "हा धडा कसा घेता?" सरळ, शांत उत्तर हवं. मुलीला तो बाईंकडून शिकणं सोयीचं वाटत असेल तर तेवढ्या धड्यापुरती वेगळी व्यवस्था करायला काहीच हरकत नाही.

## टप्पा ७: सुरक्षितता आणि व्यवहार, सुरू करण्याआधी

तास घराच्या बाहेरच्या खोलीत, दार उघडं, घरात दुसरं मोठं माणूस. शिक्षकाकडे जायचं असेल तर आधी स्वतः जाऊन जागा बघा. तासाबद्दलचे निरोप पालकांच्या फोनवर यावेत, मुलाच्या नव्हे. ओळखपत्र आणि आधी शिकवलेल्या दोन घरांचे फोन मागा. चांगला शिक्षक यावर रागावत नाही. मूल एकाएकी जायला नको म्हणू लागलं तर आळस समजून दटावू नका, आधी शांतपणे विचारा. गरज पडली तर चाइल्डलाइन १०९८ हा क्रमांक मुलालाही पाठ असू द्या.

फीची तुलना नेहमी तासावर करा. उदाहरणार्थ, महिन्याला २,००० रुपये आणि आठ तास म्हणजे तासाला २५०. १,५०० रुपये आणि चारच तास म्हणजे ३७५. दुसरी फी स्वस्त वाटते, पण नसते. चतुर्थीची सुट्टी, बुडालेला तास, शिक्षकाची परीक्षा यांचं काय, ते आधी बोला. फी धड्यागणिक किंवा महिन्यागणिक द्या. वर्षाची एकदम भरू नका, सवलत दिली तरी.

> सावधान: शाळेचा गृहपाठ आणि प्रकल्प शिक्षकाने करून द्यायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. नाहीतर हळूहळू तेवढंच काम उरतं.

## टप्पा ८: चालू झाल्यावर काय बघायचं

रोज चौकशी नको. प्रत्येक चौथ्या तासानंतर वही उघडा आणि पहिल्या टप्प्यातली कामं त्याच धड्यावर पुन्हा करून घ्या. वहीत मुलाच्या हातच्या आकृत्या वाढताहेत की छापील नोट्सच्या प्रती? चुकांवर शिक्षकाची खूण आहे का, आणि चूक मुलाने दुरुस्त केलेली आहे का? उत्तरं पुस्तकातल्या ओळींची आहेत की थोडी वाकडी-तिकडी का होईना, त्याच्या स्वतःच्या शब्दांतली? सुरुवातीला वाकडी उत्तरं आली तर काळजी करू नका, ती समजल्याची खूण असते.

चार तासांनंतर काहीच हललं नाही तर शिक्षकाशी बोला, मूल समोर नसताना. "तुम्हाला काय दिसतंय?" असं विचारा. पुष्कळदा तिथेच कळतं की मूल घाबरून प्रश्न विचारत नाही, किंवा गृहपाठ पाहायला घरात कुणी नाही. आणखी चार तास द्या.

मधल्या मोकळ्या आठवड्यांत पणजीच्या पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा बालविभाग, मिरामारचं विज्ञान केंद्र, किंवा रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन सलीम अली अभयारण्यातली खारफुटी आणि चिखलातून वर आलेली श्वसनमुळं बघणं, यातलं काहीतरी करा. आठवीच्या परिसंस्थेच्या धड्याला चोडणची सकाळ दोन शिकवणीच्या तासांइतकी उपयोगी पडते. ओहोटीच्या वेळेला जा, नाहीतर मुळं पाण्याखाली असतात.

## टप्पा ९: थांबवणं किंवा बदलणं

मूल पुस्तक स्वतः वाचून अर्थ लावतंय, आकृती न बघता काढतंय, तीन गुणांना तीन मुद्दे लिहितंय, एवढं झालं की थांबवा. "चाललंय तर चालू दे" म्हणून वर्षानुवर्षं शिकवणी ओढली की वर्गात लक्ष द्यायची गरजच मुलाला वाटेनाशी होते.

बदलायचं असेल तर धडा मधेच सोडू नका आणि चाचणीच्या आदल्या पंधरवड्यात तर मुळीच नको. शिक्षकाला आठवडाभर आधी सांगा, राहिलेली फी चुकती करा, आणि मुलाच्या कुठल्या गोष्टी अजून कच्च्या आहेत ते चार ओळींत लिहून मागा. तो कागद आणि वही घेऊन पाचव्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा. यादीतली उरलेली दोन नावं तुमच्याकडे आहेतच.